बोलल्याशिवाय पुढे न जाणारा खेळ

लहान मूल भाषा शिकते, कारण कुणीतरी त्याच्याशी बोलते आणि मग थांबून त्याच्या उत्तराची वाट पाहते. या देवाणघेवाणीची सुरुवात पदराआड तोंड लपवून ‘भॉक’ करण्याच्या खेळापासूनच होते. जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात आई आणि बाळ यांच्यातला हाच खेळ बारकाईने अभ्यासला. सुरुवातीला आईच लपते, आईच आवाज करते आणि बाळ नुसते हसते. काही महिन्यांनी पदर ओढायचे काम बाळ आपल्याकडे घेते आणि पुढे स्वतःच लपू लागते. आता तुझी पाळी, आता माझी, हा संभाषणाचा पाया पहिला शब्द फुटण्याआधीच घातला जातो.

समोर जिवंत माणूस का लागतो, हे पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून दिसले. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा बोलणाऱ्यांनी बारा वेळा खेळवले, पुस्तके दाखवली. त्या भाषेतले वेगळे ध्वनी बाळे ओळखू लागली. तीच माणसे, तोच मजकूर दुसऱ्या गटाला पडद्यावर दाखवला, तेव्हा त्या बाळांच्या पदरात काहीच पडले नाही. जेवताना समोर मोबाइल ठेवून ‘तेवढीच बालगीते कानावर पडतात’ असे समाधान मानणाऱ्या घरांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाखालील बाळाला पडदा दाखवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसाला तासाभराच्या आतच असावा.

बेंगळूरुच्या बसवनगुडीतल्या मराठी घरात भाषा शिकण्याच्या या प्रश्नाला आणखी एक पदर असतो. घरात मराठी, अंगणात आणि गांधी बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजी. इतक्या भाषांनी मूल गोंधळेल, या धास्तीने काही पालक घरातही इंग्रजीच सुरू करतात. ती धास्ती अनाठायी आहे. अनेक भाषा ऐकल्याने मुलाचे बोलणे बिघडत नाही. उलट एक जमेची बाजू आहे. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवून दिले, की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक कळतो, पण वर्षाचे होईतो तो कान बंद होत जातो. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत त-ट वेगळे आहेत, ल-ळही वेगळे आहेत. शेजारच्या अज्जीचे कन्नड बाळाच्या मराठीच्या आड येत नाही, तिला हातभारच लावते.

अडीच वर्षांचे मूल ‘मला बाळेहण्णु दे’ म्हणाले, तर ‘बाळेहण्णु नाही, केळं म्हण’ असे दटावू नये. ‘केळं हवंय? पिकलेलं देऊ की जरा कच्चं?’ असे विचारावे. मराठी शब्द आपोआप कानावर पडतो, दोन नवी विशेषणे मिळतात आणि मुलाला उत्तर द्यावेच लागते. चूक सुधारण्याची याहून चांगली रीत नाही.

खेळणे घेताना बहुतेक जण किंमत, रंग आणि टिकाऊपणा पाहतात. भाषेसाठी कसोटी वेगळी: तोंड मिटून हा खेळ पुढे जातो का? बटण दाबले की गाणारा प्लॅस्टिकचा कुत्रा सगळे बोलणे स्वतःच उरकून टाकतो. चन्नपट्टणची लाखेच्या रंगाची लाकडी बाहुली गप्प असते, म्हणून तिच्या वतीने मुलाला बोलावे लागते. भातुकलीत आणि दुकान-दुकानमध्ये तर बोलण्यावाचून इलाजच नाही. दुकानदार कन्नडमध्ये भाव सांगतो, गिऱ्हाईक आजी मराठीत घासाघीस करते, आणि चार वर्षांचे पोर दोघांमध्ये सहज ये-जा करते. मोठ्यांनी इथे गिऱ्हाईक व्हावे, मास्तर होऊ नये. ‘हा रंग कोणता?’ हा परीक्षेतला प्रश्न. ‘कालची भाजी कडू का निघाली हो?’ हा खेळातला.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी दोड्ड बसवण्णाच्या देवळाजवळ भरणारी कडलेकाई परिषे म्हणजे शेंगांची जत्रा. तिथून आणलेल्या शेंगांचा ढीग मुलापुढे ओतावा. ओल्या, भाजलेल्या, जोडदाण्याच्या, पोचट अशा वाट्या करायला घ्याव्यात. पोचट म्हणजे काय, हे शेंग फोडल्याशिवाय कळत नाही. एकदा फोडली की विसरत नाही. (अख्खे दाणे लहानग्यांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत, घशात अडकतात.) जरा मोठ्या मुलांसाठी कवड्यांचा चौका बारा किंवा चिंचोक्यांची अळगुळी मणे हे खेळ आहेत. त्यांत मोजणे होते, पण खरी कमाई भांडणाची: ‘माझी पाळी होती’, ‘तू दोनदा टाकलंस’, ‘आधी ठरलं होतं’. भूतकाळ आणि कारण सांगणारी वाक्ये मुले अशा तंट्यातच पक्की करतात. मोठ्यांनी निवाडा द्यायची घाई करू नये.

सलग गोष्ट सांगता येणे ही पुढची पायरी, आणि वाचन शिकताना तिचाच आधार लागतो. नवरात्रात बसवनगुडीतल्या घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. आलेल्या पाहुण्यांना ‘ही कोण, इथे का बसली?’ हे सांगायचे काम घरातल्या लहानग्याकडे द्यावे. दिवाळीतल्या किल्ल्याचेही तसेच. मावळा कुठून चढला, तोफ बुरुजाच्या मागे का ठेवली, यात वर, खाली, आत, पलीकडे हे शब्द हातासरशी येतात. बेंगळूरु ही तर शहाजीराजांची जहागीर, त्यामुळे किल्ल्याला इथे परके वाटायचे कारण नाही.

चित्रांचे पुस्तकही खेळासारखेच हाताळावे. आईने वाचावे आणि मुलाने ऐकावे, यापेक्षा मुलाने सांगावे आणि आईने विचारत जावे, याने बोलणे अधिक वाढते, असे ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांच्या १९८८च्या अभ्यासात आढळले. तेच पुस्तक दहाव्यांदा मागितले तर कंटाळू नये. मुलाला पुढचे पान पाठ असते, म्हणूनच ते पुढाकार घेते.

अशा खेळांसाठी पैसे लागतात, हा समज मराठी बालशिक्षणाने कधीच मोडीत काढला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडला गेले आणि अनुताई वाघ यांनी नेटाने चालवले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, आणि खडे, पाने, बिया, शिंपले हेच साहित्य मानायचे, ही त्यांची पद्धत होती. गांधी बाजारातून आणलेल्या भाजीची पिशवी रिकामी करतानाही तेवढे साहित्य हाताशी येते.

मात्र खेळ हा उपचार नव्हे. वर्षाच्या बाळाची बडबड किंवा बोट दाखवणे सुरू झाले नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, किंवा दोन वर्षांचे मूल स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, तर ‘घरात तीन भाषा आहेत, येईल उशिरा’ म्हणून थांबू नये. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवून श्रवणचाचणी करून घ्यावी. वाचा आणि श्रवण यांच्या तपासणीसाठी म्हैसूरला केंद्र सरकारची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे.