भूगर्भातील गुपित आणि भूशास्त्रज्ञांची सभा

खनिज तेलाचा शोध घेणाऱ्या भूशास्त्रज्ञाची स्थिती इतर शास्त्रज्ञांहून थोडी निराळी असते. एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाला नवी वनस्पती सापडली, की ती केव्हा एकदा जगापुढे ठेवीन असे त्याला होऊन जाते. तेल कोठे आहे हे ज्याला उमगले, त्याने मात्र तोंड मिटून बसावे अशी त्याच्या धन्याची अपेक्षा असते. आजूबाजूच्या जमिनीचे भाडेपट्टे अद्याप करून घ्यावयाचे असतात. बातमी फुटली की एका रात्रीत भाव चढतात. शास्त्र वाढते ते उघड चर्चेने आणि हा व्यापार चालतो तो गुप्ततेने. या ओढाताणीतून अमेरिकेतील तेल-भूशास्त्रज्ञांनी जो मार्ग काढला, त्याची हकीकत मोठी उद्‌बोधक आहे.

अमेरिकेतील तेल-उद्योगाचा आरंभ १८५९ साली पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे झाला असे मानतात. तेथे अवघ्या सत्तर फुटांच्या आत तेल लागले. त्यानंतर जो तो जमीन भोकू लागला. कोणी ओढ्याच्या काठाने विहिरी घेई, कोणी हातात बेचकी काठी धरून ती कोठे वाकते ते पाही. १८८५ साली आय. सी. व्हाइट या भूशास्त्रज्ञाने नैसर्गिक वायूचा विचार करताना एक सूत्र ठामपणे मांडले. भूस्तर जेथे कमानीसारखे वर उचललेले असतात, त्या रचनेस भूशास्त्रात अपनती म्हणतात. सच्छिद्र खडकात वायू, तेल व पाणी एकत्र असले तर वायू सर्वांत वर जातो, त्याखाली तेल राहते आणि पाणी तळाशी बसते. तेव्हा कमानीच्या माथ्याशी शोध घ्यावा, उतारावर घेऊ नये. सूत्र साधे होते. पण तेल-व्यावसायिकांचा त्यावर विश्वास बसण्यास पुष्कळ वर्षे जावी लागली. १९१५ साली कॅन्ससमधील एल डोराडो येथे भूशास्त्रज्ञांनी नकाशावर आखून दिलेल्या जागी विपुल तेल लागले, तेव्हा कोठे कंपन्या भूशास्त्रज्ञांना भराभर नोकरीवर घेऊ लागल्या.

आता एक नवीच अडचण उभी राहिली. भूस्तर काही भाडेपट्ट्याच्या हद्दीपाशी थांबत नाहीत. एकाच वाळूच्या थराचा एक तुकडा एका कंपनीच्या कपाटात, दुसरा दुसऱ्या कंपनीच्या. एकाच थराला दोन ठिकाणी दोन नावे पडत आणि दोन निराळ्या थरांना एकच नाव मिळे. शेजारची विहीर कोरडी का गेली हे ठाऊक नसल्यामुळे दुसरी कंपनी तीच चूक पुन्हा विकत घेई. शिवाय भूशास्त्रज्ञ म्हणून मिरविणाऱ्या भोंदूंचाही सुळसुळाट झाला होता.

या परिस्थितीत १९१६ मध्ये ओक्लाहोमातील नॉर्मन येथे काही भूशास्त्रज्ञ जमले. पुढे फेब्रुवारी १९१७ मध्ये टल्सा येथील हेन्री केंडॉल कॉलेजात सुमारे नव्वद जण एकत्र आले आणि त्यांनी तेल-भूशास्त्रज्ञांची संघटना स्थापन केली. जे. एल्मर टॉमस हे तिचे पहिले अध्यक्ष. प्रतिष्ठित व मान्यताप्राप्त भूशास्त्रज्ञांसच सभासदत्व द्यावयाचे असा दंडक ठरला. प्रथम तिचे नाव नैर्ऋत्य भागापुरते मर्यादित होते. १९१८ साली ते बदलून ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ पेट्रोलियम जिऑलॉजिस्ट्स’ असे करण्यात आले. सभेत वाचलेले निबंध छापून काढावयाचे हाही क्रम आरंभापासूनच सुरू झाला. हे छपाईचे काम वरवर किरकोळ दिसते, पण संघटनेच्या कार्याचा खरा प्राण तेथेच होता. ते कसे, हे दोन प्रसंगांवरून दिसून येईल.

पहिला प्रसंग सूक्ष्म जीवाश्मांचा. टेक्सस आणि लुइझियाना यांच्या किनारपट्टीत वाळू व चिकणमाती यांचे थर हजारो फूट जाडीचे आहेत आणि ते दिसावयास बहुतेक सारखेच. आपली विहीर नेमक्या कोणत्या थरात पोहोचली आहे हे ओळखणे तेथे फार कठीण असे. शंखशिंपल्यांवरून थराचे वय ठरवावे, तर छिद्रण-यंत्राच्या फिरत्या पात्याखाली त्यांचा चुरा होऊन जाई. परंतु समुद्रात राहणारे ‘फोरॅमिनिफेरा’ नावाचे एकपेशीय जीव असतात. त्यांची कवचे बहुधा मोहरीहूनही लहान असल्यामुळे ती या चुऱ्यात शाबूत राहतात. चुरा धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की कोणत्या जातीची कवचे आहेत यावरून थर ओळखता येईल, असा विचार पुढे आला.

ह्यूस्टन येथील रिओ ब्राव्हो तेल कंपनीत काम करणाऱ्या एस्थर रिचर्ड्‌स या तरुण संशोधिकेने १९२१ साली अ‍ॅमहर्स्ट येथील भूशास्त्रज्ञांच्या सभेत हा विचार मांडला. तेव्हा कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक जे. जे. गॅलोवे यांनी उठून, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली ही मुलगी अशक्य ते शक्य म्हणून सांगत आहे, अशा आशयाची टीका केली. हे जीव युगानुयुगे फारसे बदलत नाहीत, सबब त्यांच्यावरून वय ठरविता येणार नाही, अशी त्या काळच्या अनेक विद्वानांची समजूत होती.

या टीकेला उत्तर मिळाले ते चार वर्षांनी, आणि तेही वादविवादाने नव्हे. हंबल कंपनीत आल्वा एलिसर आणि टेक्सस कंपनीत हेडविग क्निकर याच विषयावर काम करीत होत्या. तिन्ही कंपन्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी. तरीही या तिघींनी आपापली निरीक्षणे एकत्र आणून १९२५ साली टल्साच्या संघटनेच्या नियतकालिकात संयुक्त निबंध प्रसिद्ध केला. कोणत्या खोलीला कोणती कवचे सापडतात, त्यांचा क्रम विहिरीमागून विहिरीत कसा तोच राहतो, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवून दिले. एका कंपनीच्या विहिरींवरून हा क्रम योगायोगाचा म्हणता आला असता. तीन कंपन्यांच्या विहिरी एकच साक्ष देऊ लागल्यावर शंकेला जागा उरली नाही. १९२६ साली या विषयासाठी स्वतंत्र शाखा-संस्था निघाली. स्वतः गॅलोवे यांनीही १९३३ साली फोरॅमिनिफेरांवरच एक जाडजूड ग्रंथ लिहिला!

दुसरा प्रसंग याहून व्यापक आहे. पृथ्वीवरील खंडे एके काळी एकत्र होती व ती हळूहळू दूर सरकली, हा खंडविप्लवाचा सिद्धांत जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनेर यांनी १९१२ साली मांडला होता. व्हान वॉटरस्कूट व्हान डेर ग्राख्ट या डच भूशास्त्रज्ञाने, जो अमेरिकेतील एका तेल कंपनीत अधिकारी होता, संघटनेच्या वतीने नोव्हेंबर १९२६ मध्ये न्यूयॉर्क येथे या सिद्धांतावर परिसंवाद घडवून आणला. तो स्वतः सिद्धांतास अनुकूल होता. मात्र अनेक नामवंत अमेरिकन भूशास्त्रज्ञ प्रतिकूल निघाले. त्यांचा मुख्य आक्षेप वाजवी होता: एवढाली खंडे सरकविणारी शक्ती कोणती? वेगेनेर यांनी सुचविलेली बले त्या कामी अगदीच अपुरी होती. सभेचा कौल एकंदरीत विरुद्धच गेला.

तरीही १९२८ साली परिसंवादाचा ग्रंथ निघाला तो दोन्ही बाजूंचा. त्यात विरोधकांचे निबंध होते, तशीच खुद्द वेगेनेर यांची टिपणेही होती. १९३० साली वेगेनेर ग्रीनलंडच्या हिमात मृत्यू पावले. पुढे १९६० नंतरच्या दशकात समुद्रतळाच्या अभ्यासातून खंडांच्या हालचालीची खात्री पटली, आणि जुन्या पुराव्यांचा नव्याने विचार होऊ लागला. नागपूरजवळच्या कामठीच्या थरांत ग्लॉसॉप्टेरिस या वनस्पतीची पाने सापडतात. तीच आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि अंटार्क्टिकातही सापडतात. या गोष्टीचा सरळ अर्थ आता लागला.

या दोन्ही प्रसंगांत भरलेल्या सभेचे मत चुकले होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. विद्वानांची सभा सत्याचा निवाडा करणारे न्यायालय नव्हे. तिचे काम आहे पुरावा मागणे, आक्षेप घेणे आणि पुढच्या पिढीसाठी दोन्हींची नोंद ठेवणे. जे कपाटात राहते त्यावर आक्षेप घेता येत नाही, आणि ज्यावर आक्षेप घेता येत नाही त्याची पारखही होत नाही.

फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर ‘बॉम्बे हाय’ येथे तेल लागले. भारताचा भूभाग मादागास्कर व सेशेल्स यांपासून विलग झाला, तेव्हा पश्चिमेकडील समुद्रबूड जमिनीची ही कड घडली. तेथील तेल मुख्यतः मायोसीन काळातील चुनखडकात साठलेले आहे, आणि असल्या खडकांचे वय ठरविताना आधार घ्यावा लागतो तो फोरॅमिनिफेरांच्या कवचांचा. एका सभेने हसण्यावारी नेलेली आणि दुसरीने नाकारलेली अशा दोन्ही कल्पना अरबी समुद्राच्या तळाशी अशा एकत्र आल्या. त्या तेथवर पोहोचल्या, याचे श्रेय त्या कोणीतरी लिहून, छापून सर्वांपुढे ठेवल्या होत्या यालाच दिले पाहिजे.