गीतांचा क्रम श्रोत्याच्या हवाली

1 एप्रिल 1955 रोजी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले आणि त्यानंतर वर्षभर, आठवड्याला एक या बेताने, ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांच्या चाली यांच्या बळावर 56 गीतांनी एक अखंड कथा घरोघर नेऊन पोहोचविली. गीतामागून गीत लावून आख्यान उभे करण्याची ही रीत कीर्तनाच्या उत्तररंगावर पोसलेल्या मराठी श्रोत्याच्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की, मुंबईच्या चार तरुणांनी हेच काम विद्युत्-गिटार आणि ड्रम्स घेऊन केले, एवढ्याच कारणासाठी त्याने कपाळाला आठ्या घालाव्यात हे मला तरी उचित वाटत नाही.

ते तरुण म्हणजे ‘कोशिश’ हा वाद्यसंघ. गायन आणि गिटार मंगेश गांधी, दुसरी गिटार श्रीकांत श्रीनिवास, बेस गिटार अनिश नायर आणि ड्रम्स हमझा काझी, असा त्यांचा सरंजाम. भाषा हिंदी, आणि पहिला अल्बम 2013 साली निघालेला ‘फिरदौस’. एका माणसाच्या अंतर्यात्रेची कथा त्यात आहे. ‘रास्ते’, ‘माया’, ‘भुला दो उन्हें’, ‘मुक्ती’ अशी गीतांची नावे वाचली तरी तिचा रोख ध्यानात येतो. मात्र या अल्बमची खरी करामत निराळीच आहे. ज्या क्रमाने गीते तबकडीवर घातली तो कथेचा क्रम नव्हेच. शब्दांतील आणि सोबतच्या चित्रांतील खुणा ताडून कथेचा खरा क्रम श्रोत्याने आपला आपण लावावा, अशी योजना कर्त्यांनी जाणूनबुजून केली. दप्तरातील कागद विस्कटून ते पक्षकाराच्याच हाती द्यावेत आणि निकालही त्यालाच लिहावयास सांगावा, असा हा अजब कारभार!

ज्या संगीताच्या पोटी अशी कल्पना जन्मली त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, आणि त्याची वंशावळ मांडताना बहुतेक जाणकार लंडनच्या ‘किंग क्रिमसन’ या संघाच्या पहिल्याच अल्बमाशी येऊन थांबतात. रॉबर्ट फ्रिप, इयान मॅक्डोनल्ड, ग्रेग लेक, मायकेल गाइल्स आणि शब्दरचनेसाठी संघात घेतलेला पीटर सिनफील्ड, अशा पाच जणांच्या या संघाने 5 जुलै 1969 रोजी हाइड पार्कमध्ये, रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमाआधी, अफाट जनसमुदायापुढे वादन केले. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांची ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’ ही तबकडी बाजारात आली. जेमतेम पाऊण तासाच्या तबकडीत पाचच रचना, आणि त्यांतील काही नऊ-नऊ, बारा-बारा मिनिटांच्या! तीन मिनिटांच्या प्रेमगीतावर पोट भरणाऱ्या तत्कालीन बाजारात हा सौदा आतबट्ट्याचाच ठरावयाचा, परंतु इंग्लंडच्या विक्रीयादीत ती तबकडी पाचव्या स्थानापर्यंत चढली. तिच्या वेष्टणावरील, जबडा वासून किंचाळणारा तो लालभडक चेहरा बॅरी गॉडबर नावाच्या तरुणाने रंगविला होता. तबकडी निघाल्यावर काही महिन्यांतच, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो वारला. तिच्यात मेलोट्रॉन नावाचे एक वाद्य आहे. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एकेक तुकडा बसविलेला असे आणि त्यावर खऱ्या व्हायोलिनांचे किंवा बासऱ्यांचे सूर आधीच मुद्रित केलेले असत. पट्टी दाबली की फीत सरकू लागे आणि सुमारे आठ सेकंदांत ती संपली की सूरही तुटे. या तुटक्या यंत्रातून काढलेला तो दरबारी, किंचित भेसूर भव्यपणा आजच्या संगणकाच्या नितळ सुरांत मला कधी सापडलेला नाही.

आपल्या मुलखात ही हवा उशिरा आली असे नव्हे. दस्तऐवज मात्र फार थोडे मागे राहिले. नटवर्य आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे 1974 साली अलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये जूडासच्या भूमिकेत गायले आणि चारच वर्षांनी पु. ल. देशपांड्यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त मराठी रंगभूमीवर तोच दणकट आवाज घुमला. ज्या ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या मुंबईच्या संघाबरोबर ते काही काळ गात असत, त्याचा ‘ऑब्सेशन 77’ हा एकुलता एक अल्बम नावात 77 मिरवीत असला तरी निघाला 1981 साली! त्यात स्वतःच्या रचनांबरोबर परक्यांच्याही होत्या, कारण नव्या चालीवर पैसा लावण्यास ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्या सहसा राजी नसत आणि हॉटेलांतील गिऱ्हाइकाला ओळखीचीच गाणी हवी असत. पुढे तीस वर्षांनी एका अमेरिकन कंपनीने हा अल्बम पुन्हा प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे आपल्याकडील पुष्कळांना तो ठाऊक झाला. ‘फिरदौस’च्या कर्त्यांना आपलीच भाषा, आपल्याच चाली आणि वर श्रोत्यालाच कामाला लावण्याची ऐट परवडली, यामागे हे मधले रिकामे दशक-दोन दशक भोगलेल्या मंडळींचे ऋण आहे.

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या गाडीत बसावे आणि पेणच्या पुढे कासूला उतरावे, तेवढ्या अवधीत किंग क्रिमसनचा तो अल्बम सबंध ऐकून होतो. कासूच्या एका तबलावादक मित्राला मी हे संगीत प्रथम ऐकविले तेव्हा, अवघड तालाचे उदाहरण म्हणून, पिंक फ्लॉइडचे 1973 मधील ‘मनी’ लावले. त्याचा फेरा सात मात्रांचा आहे. पाश्चात्त्य समीक्षक या सातांचे केवढे कौतुक करतात! आमच्या या गृहस्थाने मांडीवर बोटांनी दोन आवर्तने मोजली आणि म्हणाला, “रूपकच की रे. पण रूपकाची सम खालीवर पडते, ह्यांनी ती भरीची केलीय. म्हणून असं जड चालतंय.” एवढे बोलून तो चहा प्यायला लागला.

‘फिरदौस’ने मात्र त्याला गुंतविले. गीतरामायणात कथा सर्वांना आधीच ठाऊक असते, त्यामुळे मधूनच एखादे गीत कानी पडले तरी श्रोता आपली जागा चुकत नाही. येथे तो आधार नाही, शब्द नीट ऐकावे लागतात, मागे ऐकलेले पुढच्याशी ताडून पाहावे लागते, आणि गिटारीचा गदारोळ ओसरून आवाज एकटा उरतो ती जागा कथेतील वळणाची की केवळ विसाव्याची, हेही ठरवावे लागते. आज भ्रमणध्वनीवर सुटी सुटी गाणी ऐकणाऱ्याला हा उपद्व्याप वाटेल, तर वाटो. माझ्या मते ‘मुक्ती’ शेवटी येते. मित्राला ते मान्य नाही. ज्यांनी सारा क्रमच मोडून ठेवला ते शेवट असा नावातच उघडा टाकतील काय, असा त्याचा सवाल आहे, आणि ‘रास्ते’ अखेरीस ठेवून त्याने लावलेली फेरिस्त मी अजून खोडून काढू शकलेलो नाही.