नगरचा किल्ला आणि इंग्रजांचं राज्य



आपल्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण बोलताना आपण नगरच म्हणतो. नगरला भुईकोट किल्ला आहे. भुईकोट म्हणजे डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर बांधलेला. भोवती मोठा खंदक आहे. निजामशाहीत तो बांधला. इंग्रजांचं राज्य वाढलं तेव्हा आणि संपत आलं तेव्हा, दोन्ही वेळा हा किल्ला मध्ये आहे. ती माहिती मी सांगतो.

इंग्रज आधी व्यापाराला आले. १६०० साली लंडनला ईस्ट इंडिया कंपनी निघाली. तिने सुरतेला वखार घातली. वखार म्हणजे माल ठेवायची जागा. मग राखणीला शिपाई ठेवले. शिपाई वाढत गेले, आणि त्यांत बरेचसे आपल्याच देशातले होते. १७५७ साली इंग्रज प्लासीची लढाई जिंकले. पुढे बंगालचा शेतसारा त्यांना मिळू लागला. त्या पैशावर फौज आणखी वाढली. म्हणजे पैसा आपला, शिपाई आपले आणि राज्य त्यांचं!

आपल्याकडे तेव्हा शिंदे आणि होळकर यांचं भांडण चाललं होतं. १८०२ साली होळकरांनी पुण्याजवळ शिंदे व पेशवे यांच्या फौजेला हरवलं. दुसरा बाजीराव पेशवा वसईला गेला आणि त्याने इंग्रजांशी तह केला. शिंद्यांना तो तह पसंत नव्हता. नगरचा किल्ला त्या वेळी शिंद्यांकडे होता. ८ ऑगस्ट १८०३ ला जनरल वेलस्ली चालून आला. शिड्या लावून त्याने शहराचा तट घेतला. मग किल्ल्यावर तोफा डागल्या. १२ ऑगस्टला किल्ला पडला. एवढा मजबूत किल्ला, पण पाच दिवसांत गेला! होळकर त्या लढाईत उतरलेच नाहीत. नंतर किल्ला पेशव्यांना दिला, पण १८१७ च्या तहाने इंग्रजांनी परत घेतला. १८१८ साली पेशवाईच बुडाली.

सगळेच काही गप्प बसले नाहीत. आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले भागातले राघोजी भांगरे इंग्रजांशी लढले. १८४८ साली त्यांना फाशी दिली. १८५७ साली मोठा उठाव झाला. त्यानंतर कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं. त्यांचं राज्य जगभर इतकं पसरलं होतं, की त्यावर सूर्य मावळत नाही असं म्हणायचे.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत 'चले जाव' ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच पुढाऱ्यांना पकडलं. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, शंकरराव देव असे बाराजण नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. १९४३ साली मौलानांची पत्नी कलकत्त्याला वारली. मौलाना इथे कैदेतच होते, त्यांची शेवटची भेटसुद्धा झाली नाही. नेहरू किल्ल्यात बाग करायचे. खणताना त्यांना जुन्या भिंती सापडल्या. १९४४ साली त्यांनी इथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला.

पुढारी आत होते तरी चळवळ थांबली नाही, कारण बाहेर गावोगावची माणसं उठली होती. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज कर्जबाजारी झाले. १९४६ साली मुंबईत नौदलातल्या आपल्या खलाशांनी बंड केलं. ज्यांच्या जिवावर राज्य चाललं होतं तेच ऐकेनात, मग राज्य कसं टिकणार? १५ ऑगस्ट १९४७ ला भारत स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी ब्रह्मदेश आणि श्रीलंका सुटले. मग आफ्रिकेतले देशही सुटत गेले.

१८०३ ते १९४७ म्हणजे १४४ वर्षं होतात. आपण भांडत होतो तेव्हा पाच दिवसांत किल्ला गेला, आणि सगळे एक झाले तेव्हा त्यांना देश सोडावा लागला. आता किल्ला आपल्या लष्कराकडे आहे.

पालकांनो, तुमच्या आजा-आजीने बेचाळीस सालची काही हकिगत सांगितली असेल, तर आम्हाला जरूर सांगा. आम्ही ती लिहून इथे लावू.

— इयत्ता चौथी