पिवळ्या काउंटाशची पहिली तीन वर्षं

लॅम्बोर्गिनीच्या काउंटाश गाडीचे रचनाकार मार्चेल्लो गांदिनी १३ मार्च २०२४ ला गेले. मृत्युलेखांत त्यांची काउंटाश पुन्हा झळकली आणि तीन वर्षांपूर्वीचा सल वर आला. २०२१ मध्ये लॅम्बोर्गिनीने तेच नाव देऊन ११२ नव्या गाड्या विकायला काढल्या होत्या. आपला या गाडीशी काही संबंध नाही, जुन्याची उजळणी आपल्या विचारात बसत नाही, असं गांदिनींना हयातीत जाहीर करावं लागलं. ज्याच्या कल्पनेवर कंपनी पन्नास वर्षं मिरवली, त्याच्यावर ही वेळ यायला नको होती.

लॅम्बोर्गिनीच्या आधीच्या मिउरा या गाडीबद्दल मी फार लिहीत नाही. १९६६ ची ती गाडी देखणी होतीच. बारा सिलिंडरचं इंजिन चालकाच्या पाठीमागे आडवं बसवायचं धाडसही तिचंच. पण माझं मन अडकलं ते सत्तरच्या दशकात. मुंबईच्या रस्त्यांवर तेव्हा फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर धावत होत्या. परदेशी मासिकांच्या जुन्या अंकांत काउंटाशचे फोटो पाहून आमच्या पिढीतली कितीतरी पोरं यंत्रांच्या नादी लागली.

मार्च १९७१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात एलपी५०० हा पिवळा नमुना उभा राहिला. वर उघडणारे दरवाजे सगळ्यांना आठवतात. खरी करामत आत होती आणि ती लॅम्बोर्गिनीचे अभियंते पाओलो स्तान्झानी यांची. त्यांनी इंजिन उभं बसवलं, पण उलट्या तोंडाने. गिअरबॉक्स पुढे, दोन आसनांच्या मधे आला. तिथून एक शाफ्ट इंजिनच्या खालून, तेलाच्या पात्रातून मागच्या चाकांकडे नेला. वजन पुढे सरकलं, गाडी आखूड राहिली आणि गिअरचा दांडा थेट गिअरबॉक्सवर आला. हे ज्याला कळतं, तो काउंटाशला नुसती भिंतीवरच्या पोस्टरातली गाडी म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्या समीक्षकांना मी तेव्हाही मानलं नाही, आजही मानत नाही.

मग कंपनीचे चाचणी-चालक, न्यूझीलंडचे बॉब वॉलेस तो नमुना घेऊन रस्त्यावर उतरले. चाचण्यांमध्ये पाच लिटरचं इंजिन टिकलं नाही. उष्णता बाहेर पडेना, म्हणून गांदिनींच्या नितळ अंगावर हवा ओढणारी खोकी आणि खाचा आल्या. पत्र्याच्या सांगाड्याऐवजी नळ्यांचा सांगाडा आला, इंजिन चार लिटरच्या आसपासचं झालं. स्वतःची रेषा वाचवण्यासाठी कुणी अडून बसलं नाही. त्याच काळात संस्थापक फेरूच्चो लॅम्बोर्गिनींनी कंपनीतला मोठा हिस्सा विकला आणि तेलसंकटही आलं. तरी काम थांबलं नाही. १९७४ मध्ये गाडी विक्रीला निघाली आणि तो पहिला नमुना इंग्लंडमध्ये अपघात-चाचणीत चिरडला गेला. गाडी रस्त्यावर यायची तर ती चाचणी हवीच होती. तरीही त्या पिवळ्या गाडीचं मला आजही वाईट वाटतं.

पुढची वर्षं मला रुचली नाहीत. १९७८ पासून रुंद टायर, फुगवलेल्या कडा, मागे पंख. १९९० पर्यंत गाडी जाडच होत गेली.

२०२१ मध्येच कंपनीने एका संग्राहकासाठी तो चिरडलेला नमुना हुबेहूब पुन्हा घडवला. पंचवीस हजारांहून अधिक तास त्यावर खर्ची पडले. कारागिरीबद्दल आदर आहे. पण एवढ्या हातांना कुणीतरी एवढ्या वेळात आजवर न पाहिलेली गाडी घडवायला सांगायला हवं होतं. १९७१ मध्ये या कंपनीने स्वतःच्याच मिउराची नक्कल केली नव्हती.

स्तान्झानी २०१७ मध्ये गेले, वॉलेस त्याआधी २०१३ मध्ये. मृत्युलेखांत गांदिनींना मिळालेली जागा या दोघांच्या वाट्याला कधी आली नाही. काउंटाशवर लिहिणाऱ्यांनी यापुढे तिन्ही नावं एकत्र लिहावीत.