सिएरा रेल्वे

सिएरा रेल्वे : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्याचा एक ऐतिहासिक लोहमार्ग. ‘वेस्टर्न’ चित्रपटांच्या बाह्यचित्रणासाठी तो विशेष प्रसिद्ध आहे. १८९७ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने ओकडेलपासून जेम्सटाउनपर्यंत त्याच वर्षी रूळ टाकले व १९०० मध्ये ते ट्वॉलमीपर्यंत (एकूण सु. ९२ किमी.) नेले. सिएरा नेव्हाडा पर्वताच्या पायथ्याचे लाकूड व खनिजे वाहून नेणे, हा त्याचा मूळ उद्देश होता.

मालवाहतुकीच्या ह्या साध्या मार्गाकडे चित्रपटनिर्माते वळले, ते त्याच्या गरिबीमुळे, असे म्हणावे लागते. संपन्न कंपन्यांनी जुनी एंजिने मोडीत काढली. सिएराला नवी घेणे परवडत नव्हते. एंजल्स शाखेवरील तीव्र वळणांसाठी १९०२ मध्ये बांधलेले आखूड लाकडी डबेही त्यामुळे टिकून राहिले. भोवती गवताळ टेकड्या व विरळ ओक वृक्ष असल्याने एकोणिसाव्या शतकाचा देखावा आयताच मिळे. द व्हर्जिनियन (१९२९), डॉज सिटी (१९३९) इ. चित्रपटांचे काही चित्रण येथे झाले.

सर्वांत ख्यातनाम ठरले ते क्रमांक ३ चे एंजिन. न्यू जर्सीतील रॉजर्स कारखान्यात १८९१ मध्ये तयार झालेले हे ४-६-० चाकरचनेचे एंजिन सिएराकडे ॲरिझोनातील एका रेल्वेकडून आले. १९३२ पासून ते निकामी उभे होते. १९४८ मध्ये ते पुन्हा चालू करण्यात आले, ते मुख्यतः चित्रपटांसाठीच. फ्रेड झिनेमान दिग्दर्शित हाय नून (१९५२) मध्ये खलनायकाला घेऊन येणारी दुपारची गाडी ह्याच एंजिनाची असून स्थानकाची दृश्ये वॉर्नरव्हिल येथे घेतली आहेत. दिग्दर्शक व छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉस्बी रुळांवर आडवे पडून येणाऱ्या गाडीचे चित्रण करीत होते. एंजिनातून निघालेला काळा धूर त्यांना शोभिवंत वाटला. प्रत्यक्षात ती गतिरोधक निकामी होत असल्याची खूण होती. दोघे जेमतेम निसटले. कॅमेरा चिरडला गेला, परंतु फिल्म वाचली व तीच चित्रपटात वापरली गेली.

पडद्यावरील ऐतिहासिकता मात्र पुष्कळदा बेगडी असे. लाकूड जाळणाऱ्या एंजिनांच्या ठिणग्या अडविण्यासाठी पूर्वी फुगीर धुराडे असे. खनिज तेलावर चालणाऱ्या क्रमांक ३ ला तसलेच खोटे धुराडे व पेटीसारखा दिवा चढवीत. बॅक टू द फ्यूचर, भाग ३ (१९९०) ची कथा १८८५ सालची, म्हणजे एंजिनाच्या जन्मापूर्वी सहा वर्षांची आहे. हेच एंजिन पेटीकोट जंक्शन ह्या दूरचित्रवाणी मालिकेत (१९६३–७०) व अन्‌फर्गिव्हन (१९९२) मध्येही दिसते.

चित्रपटांनी जुनी एंजिने नेहमीच जपली, असे नाही. डेन्व्हर अँड रिओ ग्रँड (१९५२) साठी कोलोराडोतील अरुंदमापी मार्गावर दोन खरी एंजिने समोरासमोर आदळून नष्ट करण्यात आली. क्रमांक ३ चे नशीब निराळे. सिएराची नियमित वाहतूक १९५५ मध्ये डीझेल एंजिनांकडे गेल्यावरही चित्रणाच्या मागणीमुळे ते राखले गेले. जेम्सटाउनचे एंजिनघर, कर्मशाळा व जुनी सामग्री राज्य शासनाने १९८२ मध्ये विकत घेतली. ‘रेलटाउन १८९७’ हे राज्य ऐतिहासिक उद्यान तेथेच आहे. बाष्पित्र जीर्ण झाल्याने थांबलेले क्रमांक ३, नवे बाष्पित्र बसवून २०१० मध्ये पुन्हा रुळांवर आले.