बॅटरी नसलेला पेसमेकर? तोही जिवंत पेशींचा!

तुमच्या फोनमध्ये पावलं मोजणारा ॲक्सेलरोमीटर असतो ना, त्याच जातीचा सेन्सर आजच्या अनेक पेसमेकरमध्येही असतो. माणूस चालायला लागला की पेसमेकर ठोके वाढवतो. माझ्या आजोबांना पेसमेकर बसवला तेव्हा हे कळल्यावर मी जाम खूश झालो होतो. पण शेवटच्या ओव्हरला आजोबा खुर्चीत नुसते बसलेले असतात. सेन्सरच्या लेखी ते एकदम शांत! निरोगी हृदयाला मात्र ही धाकधूक ॲड्रेनलिनमधून लगेच कळते.

हृदयात अब्जावधी पेशी असतात, पण ठोक्याची वेळ ठरवणाऱ्या पेशी जेमतेम १०,०००. त्यांच्या या छोट्याशा गठ्ठ्याला सायनस नोड म्हणतात. मग असा गठ्ठा नव्याने तयार करता आला तर?

लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय संस्थेत एदुआर्दो मारबान यांच्या टीमने हे डुकरांवर करून दाखवलं. साल २०१४. गर्भात सायनस नोड घडवण्यात टीबीएक्स१८ नावाच्या जनुकाचा हात असतो. हे जनुक हृदयाच्या साध्या स्नायूपेशीतही असतं, पण बंद. आपल्या भाषेत, कोड आहे पण फीचर ऑफ आहे. टीमने त्याची चालू प्रत एका विषाणूत भरली आणि नळीवाटे हृदयात सोडली, छाती न उघडता. तिथल्या साध्या पेशी नोडसारख्या वागू लागल्या. डुकरं हिंडूफिरू लागली की ठोकेही आपोआप वाढायचे. मला बॅटरी वाचण्यापेक्षा हे जास्त भारी वाटतं.

अडचण अशी, की प्रयोग दोनच आठवड्यांचा होता आणि शेवटी शेवटी असर उतरू लागला, कारण शरीर विषाणूला हुसकावून लावतं. बॅकअप म्हणून इलेक्ट्रॉनिक पेसमेकर होताच. शिवाय चुकीच्या जागी ठोके सुरू झाले तर अनइन्स्टॉलचं बटण नाही.

पण दोन आठवडेही काहींना पुरतात. पेसमेकरला जंतुसंसर्ग झाला तर तो काढून ठेवावा लागतो. मधल्या दिवसांत असा तात्पुरता जिवंत पेसमेकर कामी यावा, असं या टीमचंही म्हणणं होतं.

तोवर बॅटरीवालाच. स्वीडनच्या आर्ने लार्सन यांना १९५८ मध्ये जगातला पहिला पेसमेकर शरीरात बसवला. आयुष्यभरात त्यांना एकूण २६ लागले! आता एक बॅटरी साधारण ५ ते १५ वर्षं चालते. घरात कुणाला पेसमेकर असेल तर फोन शर्टाच्या खिशात ठेवू देऊ नका, १५ सेंटीमीटर तरी लांब हवा. काही फोनमधल्या चुंबकाने पेसमेकर ठरावीक वेगाच्या मोडमध्ये जाऊ शकतो.