दांडीवरचा हात

हिवाळा लागला की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतात. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाचा पहारा संपला की ती त्याच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. रात्री दोन वाजताही, थंडीतही. एका सप्ताहात अशी वीणा माझ्या गळ्यात आली, तेव्हा माझं लक्ष तिच्या दांडीकडे गेलं. वर खुंट्यांपाशी जुनं तांबूस पॉलिश जसंच्या तसं होतं. जिथे हात दांडी धरतो तिथे मात्र लाकूड उघडं पडलं होतं आणि घामाने काळं, गुळगुळीत झालं होतं. या दोहोंच्या मधे वीतभर भागात पॉलिश बोटाला चिकटत होतं.

घरी भाच्याची गिटार आहे. तिच्या नेकवरही, म्हणजे दांडीवरही, हेच तीन पट्टे: वर चकचकीत, मधे चिकट, खाली करडं. वीणा भजनाची आणि गिटार गॅदरिंगची असली तरी हाताचा घाम दोघींना सारखाच. त्या हिवाळ्यात मी ती नेक घरीच नव्याने पॉलिश केली आणि मग गावाची वीणाही. ते करताना एक गोष्ट कळली, तिच्यासाठीच हा लेख. गिटारच्या नेकवर जगभर जे लेप चढवले जातात, त्यांपैकी एक पळसाच्या झाडावर तयार होतो, दुसरा कापसापासून आणि तिसरा जवसापासून. तिन्ही झाडं-पिकं आपल्या वऱ्हाडाच्या ओळखीची.

लॅकर हा शब्दच मुळात आपला. संस्कृतातली लाक्षा प्राकृतात लक्खा झाली, मग लाख झाली. तीच फारसी-अरबीतून पोर्तुगीजांपर्यंत पोचली आणि त्यांच्याकडून इंग्रजांनी लॅकर म्हणून घेतली. पांडवांना जाळण्यासाठी बांधलेलं लाक्षागृह याच लाखेचं. सोनार पोकळ दागिन्यात भरतो ती लाख, विळ्याचं पातं मुठीत घट्ट बसवतात ती लाख, रजिस्टर पार्सलवर मोहोर उठायची तीही लाख. बालगंधर्वांच्या आवाजाच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या याच लाखेच्या मिश्रणातून दाबून काढलेल्या होत्या, म्हणून हातातून पडल्या की फुटायच्या.

लाख झाडाची नव्हे, किड्याची. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर हे बारीक किडे बसतात, रस शोषतात आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतात. फांदी खरवडली की कच्ची लाख मिळते. ती धुऊन तिचा दाणा करतात. जुन्या पद्धतीत हा दाणा कापडाच्या लांब नळीत भरून निखाऱ्यापुढे धरतात. नळी पिळली की वितळलेली लाख बाहेर येते, आणि गरम आहे तोवर कारागीर ती हातांनी, पायांनी, दातांनीसुद्धा ताणून पापडासारखी पातळ करतो. त्या पापडाचे तुकडे म्हणजे सुताराचा चपडा. आपल्या राज्यात लाखेची शेती मुख्यतः पूर्वेकडे होते, गोंदिया, भंडारा, गडचिरोलीत. या किड्याचा आणि राळेचा अभ्यास करायला रांचीजवळ नामकुमला १९२४ मध्ये संस्था सुरू झाली, ती आजही चालू आहे. आपल्याकडे पळस भरपूर. बुलढाण्याहून बोथ्याच्या घाटाने खामगावला उतरताना फाल्गुनात ज्ञानगंगा अभयारण्याचं रान केशरी झालेलं असतं, आणि पळसखेड नावाची गावं तर जिल्ह्यात एकाहून जास्त आहेत.

दुसरा लेप कापसाचा. सरकीला चिकटून राहणारा आखूड तंतू नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात भिजवला की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. १८४६ च्या सुमारास त्याचा शोध लागला तो स्फोटक म्हणून. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत त्याचा पातळ, झटपट वाळणारा रंग निघाला आणि १९२३-२४ पासून मोटारींवर चढू लागला. पूर्वी गाडी रंगवून वाळायला आठवडे लागत, ते काम काही तासांवर आलं. मोटारीवरून तो फर्निचरवर आणि गिटारवर आला. १९५० च्या सुमारास लिओ फेंडरच्या कारखान्यातून मेपल लाकडाच्या एकाच तुकड्याची नेक असलेल्या इलेक्ट्रिक गिटारी निघू लागल्या, तेव्हा नेकवर लॅकर देणं भागच होतं, कारण उघडं मेपल हाताच्या मळाने पाहता पाहता करडं पडतं. रोझवूड, म्हणजे शिसवाच्या जातीचं लाकूड, स्वतःच तेलकट आणि गडद असतं. म्हणून त्याचा फिंगरबोर्ड (बोटं दाबायची पट्टी) आजही कोरा ठेवतात. आपल्याकडे रंगाच्या दुकानात एन.सी. लॅकर म्हणून जो डबा मिळतो, त्यातलं एन.सी. म्हणजे हेच नायट्रोसेल्युलोज. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेची फाट्याची लाइन आली ती कापसासाठीच. कापसापासूनच निघालेला लेप सातासमुद्रापार गिटारच्या दांडीवर जाऊन बसला, हे मला फार मोलाचं वाटतं.

तिसरं जवसाचं तेल. लाकडात मुरतं, हाताला कोरडं आणि ऊबदार लागतं, पण कच्चं तेल वाळायला आठवडे घेतं आणि घामाला फार काळ दाद देत नाही. एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: जवसाच्या तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकायचे नाहीत. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेला फडका आपोआप पेट घेऊ शकतो. तो दोरीवर पसरून वाळवावा, नाहीतर पाण्यात बुडवून मग टाकावा.

लाख आणि एन.सी. लॅकर यांच्यात एक मोठं साम्य आहे, आणि घरी काम करणाऱ्यासाठी तेच महत्त्वाचं. दोन्ही फक्त द्रावक उडून वाळतात. त्यामुळे नवा हात जुन्या हाताला थोडं विरघळवून त्यात मिसळतो. दहा हात दिले तरी थर एकच. पाच वर्षांनी घासला गेलेला भाग पुन्हा भरता येतो आणि सांधा दिसत नाही. पॉलियुरेथेन, ज्याला दुकानात पीयू म्हणतात, ते रासायनिक क्रियेने घट्ट होतं. ते टिकाऊ आहे, पण खरचटलं की जुनं आणि नवं एकजीव होत नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतार-तंबोरे बनतात. शस्त्रं पाजळणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेब सितारमेकरांपासून ती परंपरा सुरू झाली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथलं जुनं पॉलिश लाखेचंच, कारण वाद्य पिढ्यान्‌पिढ्या दुरुस्त होत राहायला हवं.

घरी करायचं तर लाख, हे माझं मत पक्कं आहे. एन.सी. लॅकर फवारायला लागतं, आणि फवारा हवेत पसरला की थिनरची वाफ ठिणगीची वाट पाहत असते. गॅसची शेगडी, फ्रीज, देवापुढचा दिवा, यांतलं काहीही पुरतं. कापडी मास्क वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. दिवाळीत पणत्या लावलेल्या घरात तर लॅकरचा डबा उघडूच नये. लाख ज्यात विरघळवतात ते स्पिरिटही पेट घेतं आणि त्याचीही वाफ छातीत भरून घेऊ नये, म्हणून खिडक्या उघड्या आणि दिवे बंद. पण ते हाताने पुसून लावता येतं, हवेत धुकं होत नाही.

आता प्रत्यक्ष काम. तारा काढा, चाव्या काढा. नेक चार स्क्रूंवर बसवलेली असेल तर सोडवून घ्या. सरसाने चिकटवलेली असेल तर गिटारचं अंग कापडात गुंडाळा. फिंगरबोर्ड रोझवूडचा असेल तर तो आणि वरचा नट (तारा टेकतात ती पट्टी) कागदी टेपने झाका. नेक जिथे अंगात बसते त्या टाचेवर पॉलिश चढवायचं नाही, नाहीतर ती पुन्हा नीट बसत नाही. जुनं चिकट पॉलिश लाखेचं असेल तर स्पिरिटच्या फडक्याने निघतं. नसेल तर १८० च्या पॉलिश पेपरने, मग २४० आणि ३२०. घासणं नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. नंतर ओल्या फडक्याने नेक पुसून वाळू द्यावी. पाण्याने लाकडाची लव उभी राहते; ती ४०० च्या पेपरने हलक्या हाताने काढावी. ही लव आत्ता काढली नाही, तर पहिल्या हातानंतर नेक खरखरीत लागते.

चपडा २५ ग्रॅम, स्पिरिट १५० मिलि. काचेच्या बाटलीत घालून रात्रभर ठेवा, मधून मधून हलवा. लोखंडी डबा नको. लाख लोखंडाने काळी पडते. सकाळी मलमलच्या कापडातून गाळा. पिवळसर चपड्याने मेपलला मधासारखा रंग येतो; गोरं लाकूड गोरंच हवं असेल तर पांढरी केलेली लाख आणा. द्रावण शिळं झालं की वाळत नाही, म्हणून आधी काचेवर एक थेंब टाकून बघा. दुसऱ्या दिवशी नखाला चिकटला तर सगळी बाटली बाद.

बोळा जुन्या धोतराचा, आत कापूस. तो द्रावणात भिजवून तळहातावर दाबा. तळहात नुसता ओलसर झाला पाहिजे, थेंब पडता कामा नये. मग टाचेपासून डोक्यापर्यंत एकच लांब ओढ. बोळा चालता चालताच लाकडाला टेकवायचा आणि चालता चालताच उचलायचा. मधे थांबला की तो चिकटतो आणि खालची लाख ओरबाडून नेतो. पहिले एक-दोन हात लाकूड पितं, काहीच दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या हाताला मेपलच्या आतले तरंग उजळायला लागतात. नेक उन्हाकडे फिरवली की ते पाण्यासारखे हलतात. सुतारकामात माझ्यासाठी याहून सुंदर क्षण नाही. दिवसाला तीन हात, दोन हातांत अर्धा तास, रात्रभर विसावा, सकाळी ४०० चा पेपर अलगद फिरवून पुन्हा तीन. नेकला नऊ-दहा हात पुष्कळ झाले. जाड थर हा नेकचा शत्रू आहे: अंगठा अडतो आणि उष्णतेने थर चिकट होतो. शेवटचा हात दिल्यावर आठवडाभर तार चढवू नका. मग अगदी बारीक स्टील वूल रेषेच्या दिशेने फिरवून चकाकी मारा; मॅट झालेल्या नेकवर हात झरझर सरकतो.

एन.सी. लॅकरवरच मन असेल तर उघड्या जागी पातळ फवारे, दोन फवाऱ्यांत एक-दोन तास, एकूण सहा ते आठ. पुढे निदान तीन आठवडे थांबा. नेक नाकाशी धरली आणि थिनरचा वास आला, तर ती अजून वाळलेली नाही.

हवेचं गणित आपल्या जिल्ह्यात विशेष सांभाळावं लागतं. एक नेक मी आषाढात केली. तिसऱ्या हाताला तिच्यावर दुधासारखी साय आली. द्रावक भराभर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं, त्याची ती साय. कोरड्या दिवशी स्पिरिटचा जवळजवळ सुका बोळा हलकेच फिरवला तेव्हा ती गेली. स्पिरिटमध्ये पाणी मिसळलेलं असलं तरी हेच होतं. आर्द्रता मोजायचं यंत्र नसेल तर स्वयंपाकघरातला मिठाचा डबा उघडा. मीठ ओलसर झालेलं असेल, पापड मऊ पडत असेल, तर त्या दिवशी बाटली उघडू नका. वैशाखात उलट त्रास. शेगाव, खामगाव, नांदुरा, मलकापूर या पूर्णेच्या सपाटीवर पारा ४५ च्या आसपास जातो. तिथे फवारा लाकडावर पसरण्याआधीच वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा दाणेदार होतो. घाटमाथ्यावरच्या बुलढाण्याला थोडी सवड मिळते. तरीही दिवाळी ते होळी हाच आपला हंगाम, सकाळी नऊनंतर, दव सुकल्यावर.

लाखेचा एक दोष आहे: ती दारूला आणि उष्णतेला नमते. हाताला सॅनिटायझर लावून लगेच गिटार धरली तर बोटांचे ठसे उमटतात. उन्हात उभ्या गाडीत वाद्य ठेवलं तर पॉलिश मऊ होतं. फार घामट हाताच्या वादकाला एन.सी. लॅकर जास्त वर्षं साथ देईल. पण लाखेवर उमटलेला ठसा अर्ध्या तासात घरच्या घरी निघतो.

गावाच्या वीणेकडे पुन्हा येतो. तिची दांडी मी याच रीतीने केली. उघड्या पडलेल्या जागी सात हात, बाकी ठिकाणी तीन. जुन्या पॉलिशमध्ये नवं मिसळून गेलं. अनेक गावांत सप्ताहाआधी वीणेला ऑइल पेंट किंवा जाड व्हार्निश फासतात. त्याने दोन-तीन दिवस चमक दिसते, मग तो थर हाताला चिकटतो आणि आतलं लाकूड दिसेनासं होतं. यंदा तुमच्या देवळातली वीणा रंगवायला काढाल तेव्हा तो डबा बाजूला ठेवा. १०० ग्रॅम चपडा, ६०० मिलि स्पिरिट आणि एक जुनं धोतर एवढ्यात दोन वीणा आणि एखाद्या पोराची गिटार आरामात होते. सप्ताह बसण्याच्या निदान तीन आठवडे आधी कामाला लागा.